दोन पाटे कमी

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आम्हाला महाराष्ट्रात कुठेही गेलो तरी ऐकावी लागते. गावाचे नाव सांगितले की समोरचा माणूस हसतो आणि म्हण म्हणून दाखवतो. आम्हीही हसतो. पण आमच्या धंद्यात 'बनी तो बनी' चालत नाही. आम्ही तीन भाऊ. दोघे दुकानात, एक शाळेवर मास्तर. दुकान परभणीत, जिंतूर रस्त्याच्या कडेला. काम ट्रक आणि पिकअपच्या पाट्यांचे. लिहिणारा हात मास्तराचा आहे, पण सांगणे तिघांचे आहे, म्हणून इथे 'आम्ही' आले आहे.

हा अंक वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरात किंवा गल्लीत कुणी ना कुणी मोटारीच्या धंद्यात असेलच. ड्रायव्हर, क्लीनर, पंक्चरवाला, वायरमन, डेंटर-पेंटर, पाटेवाला. २००६ च्या नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमान नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यावर जास्त जगतो, आणि त्या धंद्यांत मोटारदुरुस्तीही आहे, हे त्यात नोंदवलेले आहे. आम्हाला ते वाचून नवल वाटले नाही. ज्या रस्त्यावर आम्ही लहानाचे मोठे झालो, त्या रस्त्यावर जाऊन मोजले असते तरी हेच दिसले असते. मात्र या कामात डोके किती लागते, हे कुठल्या अहवालात येत नाही. लोकांना वाटते, पाटेवाला म्हणजे घण मारणारा माणूस.

पाटा म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. ट्रकच्या चाकावर वाकलेल्या पोलादी पट्ट्यांची जुडी दिसते, तिला कमान म्हणतात. त्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे असतात, त्यात बुश आणि पिन बसते. त्याच्याखाली एकापेक्षा एक आखूड पाटे लागतात. मधोमध सेंटर बोल्ट सगळ्यांना एकत्र ठेवतो आणि यू-बोल्ट ती जुडी ॲक्सलवर आवळून धरतात. एका टोकाला शॅकल असते, कारण भार आला की कमान सपाट होते आणि सपाट झाली की लांब होते. त्या वाढलेल्या लांबीला जागा लागते. पोलाद साधे नसते, त्यात सिलिकॉन आणि मँगनीज असते. भट्टीत लाल करून, वाक देऊन, तेलात बुडवून, पुन्हा बेताने तापवून त्याला पाणी दिले जाते. पाणी जास्त झाले तर पाटा काचेसारखा तुटतो, कमी झाले तर बसतो.

आमच्या धंद्यात 'बसणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पाटे बसले म्हणजे थकले, त्यांचा वाक गेला. आणि गाडी बसवली म्हणजे मुद्दाम खाली घेतली. पहिला प्रकार आमच्याकडे रोज येतो. दुसरा अलीकडे मोबाईलमुळे आला.

आमच्या जिल्ह्यात उलटीच रीत होती. इथे गाडी खाली घ्यायला कोणी येत नसे, उचलायला येत. कारण मातीत आहे. परभणीची जमीन भारी काळी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात वाळून भेगाळते. तिच्यावर टाकलेला रस्ता दर वर्षी तिच्यासोबत वर-खाली होतो. डांबर चांगले दिसत असले तरी गाडी होडीसारखी हलत जाते. त्यात आमचा जिल्हा कापसाचा. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा खरेदी केंद्रांसमोर बैलगाड्या आणि ट्रकांच्या रांगा लागत. अब्बा त्या रांगांच्या गोष्टी सांगायचे. सुटा कापूस हलका, पण जागा फार खातो. म्हणून तो उंच भरायचा, ट्रकच्या फळ्यांच्या बाहेर काढायचा. एका खेपेत जेवढे जाईल तेवढे न्यायचे. गाडी वाकली की मालक पाटेवाल्याकडे येऊन म्हणायचा, "मिस्त्री, एक पाटा वाढवा."

अब्बा वाढवत नसत. तुटलेला पाटा काढून त्याच जाडीचा, त्याच लांबीचा घालून देत. मालक रागावून रस्त्याच्या पलीकडच्या दुकानात जाई. त्यामुळे आमचे दुकान कधी फार मोठे झाले नाही. अब्बांचे म्हणणे साधे होते. "गाडी झुकती है तो बोलती है. उसका मुंह बंद करूं क्या मैं?" गाडीचे वाकणे हे तिचे बोलणे आहे. दोन पाटे घालून वाकणे थांबवले म्हणजे गाडीची ताकद वाढली, असा अर्थ होत नाही. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, टायर तेच. फक्त भार जास्त झाला हे सांगणारे कोणी उरत नाही.

अब्बांनी हे अनुभवावर सांगितले. आम्ही पुढे त्याचा हिशेब शिकलो. एकसारख्या जाडीच्या पाच पाट्यांच्या जुडीत आणखी दोन घातले की तिचा ताठरपणा साधारण चाळीस टक्क्यांनी वाढतो. जाडीचा हिशेब तर फारच कडक. आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा पाटा घातला, तर त्या एका पाट्याचा ताठरपणा जवळजवळ दुप्पट होतो, कारण इथे जाडीचा घन धरावा लागतो. 'जरासा जाड' असे काही नसते.

आता शॉकअपबद्दल. कंपनीच्या पुस्तकात त्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात. शॉकअप गाडीचा भार उचलतो, असा समज फार आहे. तो भार उचलत नाही. भार कमान उचलते. शॉकअपचे काम वेगळे आहे. खड्ड्यात चाक गेले की कमान दबते, मग उसळते, मग पुन्हा दबते. तिला तसेच सोडले तर ती बराच वेळ झोके घेत राहील. शॉकअपच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. दट्ट्या हलला की तेलाला त्या छिद्रांतून जबरदस्तीने जावे लागते. हलण्यातली शक्ती तेलाच्या उष्णतेत जाते आणि झोका थांबतो. म्हणून खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून बघावा. चालू असेल तर कोमट लागतो. चारपैकी एकच थंडगार असेल, तर तो मेला आहे.

जुन्या ट्रकांत बरेचसे काम पाटेच करत. दहा-बारा पाटे एकमेकांवर घासत, त्या घासण्यातच झोका मरत असे. म्हणून बहुतेक जड ट्रकांना शॉकअप पुढच्याच चाकांना असतात. नव्या गाड्यांत पॅराबोलिक पाटे आले. ते मधे जाड, टोकाला पातळ असतात, संख्येने दोन-तीनच असतात आणि टोके सोडली तर एकमेकांना टेकत नाहीत. त्यामुळे गाडी मऊ चालते, पण घासणे उरले नाही म्हणून सगळी जबाबदारी शॉकअपवर येते. जुन्या सवयीचा मालक अशा गाडीचा गळका शॉकअप 'चलता है' म्हणून सोडून देतो. तिथे चालत नाही.

मोठ्या भावाचा मुलगा, आमचा पुतण्या, बावीस वर्षांचा. त्याने कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली. बोरीकडच्या गावांतून सोयाबीन, हरभरा, भाजी परभणीच्या मोंढ्यात आणायची, हा त्याचा धंदा. वेचणीच्या दिवसांत पहाटे कापूस वेचणाऱ्या बायांना शेतावर पोचवायचे कामही त्याच्याकडे येई. मालाच्या गाडीत माणसे बसवायला कायद्याची परवानगी नाही आणि ते योग्यच आहे. पण पहाटे पाचला त्या वाटेने एसटी जात नाही, हेही खरे आहे.

एक दिवस तो मोबाईल पुढे करून म्हणाला, "चच्चा, ऐसी नीचे बिठाना है." पडद्यावर परदेशातली एक पिकअप होती. चाके मडगार्डच्या आत गेलेली, पोट जमिनीला टेकायला आलेले.

मास्तर भावाने त्याला त्या गाड्यांची हकिकत सांगितली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या पोरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या गाड्या खाली बसवायला सुरुवात केली. डिकीत वाळूची पोती टाकायची, स्प्रिंग कापायच्या. गोऱ्यांची पोरे गाडी वेगात पळवत, ही पोरे सावकाश आणि जमिनीलगत चालवत. हा त्यांचा थाट होता, आणि आम्हीही इथले आहोत हे दाखवण्याची त्यांची रीतही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारने कायदा केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली असता कामा नये. १९५९ मध्ये रॉन अग्विरे नावाच्या तरुणाने विमानातल्या हायड्रॉलिक पंपांचा उपयोग करून गाडी बटणावर वर-खाली केली. पोलीस दिसला की वर, गेला की खाली. तो राज्यभराचा निर्बंध १ जानेवारी २०२४ पासून उठला. पुतण्याला ही गोष्ट फार आवडली. मग भाऊ म्हणाला, "लेकिन वो गाडियां चना नहीं ढोतीं."

आम्ही त्याची पिकअप खड्ड्यावर घेतली. आधी मोजमाप केले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी घ्यायचे. जमिनीपासून घेतले तर टायरच्या हवेने फसगत होते. मागची बाजू त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीपेक्षा चांगली अडीच इंच वर निघाली. खाली वाकून पाहिले तर उत्तर समोरच होते. कंपनीच्या जुडीत दोन परके पाटे घातलेले होते, आणि सगळ्या जुडीला घण मारून जादा वाक दिलेला होता. मागच्या मालकाने सव्वा टनाच्या गाडीत अडीच टन भरण्याची सोय करून घेतली होती. शॉकअप कुठल्याशा जड गाडीचे, डोळे कापून पुन्हा वेल्डिंग केलेले.

म्हणजे पोराची गाडी खाली बसवायची होती खरी, पण मोबाईलमधल्यासारखी नाही. ती कंपनीने बनवली तिथपर्यंत खाली आणायची होती. कायद्याच्या बाजूनेही तेवढेच करता येण्यासारखे होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. त्यापुढचे काही करायचे तर आधी परिवहन कार्यालयात विचारायचे, असे आम्ही प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो.

पुतण्या हटून बसला होता. त्याचे म्हणणे, खाली घेतली की गाडी उलटत नाही. हे अर्धे खरे आहे. गाडी वळणावर उलटेल की नाही, याचा ढोबळ हिशेब असा: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचे निम्मे घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. आकडा मोठा तर गाडी धीराची. समजा चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर आहे आणि उंच भरलेल्या कापसामुळे गुरुत्वमध्य १४० वर गेला आहे. ७० भागिले १४० म्हणजे अर्धा. गाडी दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर, खाली घेतली तर आकडा अर्ध्यावरून ०.५२ होतो. पण माल कमी उंच भरून गुरुत्वमध्य १२० वर आणला, तर आकडा ०.५८ होतो. पाट्याने जे मिळते त्याच्या चौपट माल भरणाऱ्याच्या हातात असते. पुतण्याने मोबाईलवर भागाकार करून पाहिला आणि गप्प झाला.

गाडी खाली घेण्याच्या वाटा तीन-चार आहेत. एक म्हणजे कंपनीच्याच जुडीतले पाटे काढून टाकणे. यात गाडी खाली येते, पण उरलेल्या पाट्यांवर भार येतो आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मेन पाटा डोळ्यापाशी तुटतो. दुसरी, पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालणे. याबाबत पोरांचा मोठा घोळ होतो. कमान ॲक्सलच्या खाली असेल तर ठोकळ्याने गाडी खाली येते. आपल्याकडच्या बहुतेक मालगाड्यांत कमान ॲक्सलच्या वर असते, तिथे त्याच ठोकळ्याने गाडी उलट वर जाते. तिसरी, ॲक्सल उचलून कमानीच्या वर बसवणे. यात गाडी एकदम पाच-सहा इंच उतरते आणि ॲक्सल चेसिसला मारतो, मग चेसिस कापावी लागते. माल वाहणाऱ्या गाडीला हे विषच. चौथी वाट म्हणजे पाट्यांची संख्या तीच ठेवून वाक कमी करणे. हवा तो फरक इंच-दीड इंचाचा असेल तर हीच बरी, कारण ताठरपणा बदलत नाही.

आम्ही दोन परके पाटे काढले. ते प्रत्येकी आठ मिलिमीटरचे, म्हणजे सोळा मिलिमीटर तिथेच उतरले. बाकीच्या पाट्यांचा जादा वाक काढून तो कंपनीच्या मापावर आणला. मेन पाट्याच्या डोळ्याजवळ केसाएवढी चीर दिसली, म्हणून तो नवा घातला. सेंटर बोल्ट नवा, यू-बोल्ट नवे. जुना यू-बोल्ट ताणलेला असतो, तो पुन्हा वापरत नाहीत. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच आवळले. हवेत लटकलेल्या गाडीचे बुश आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि महिन्यात फाटते.

मग शॉकअप. इथे पुतण्याने दुसरी मागणी केली, "सबसे हार्ड वाला डालो." कडक म्हणजे चांगला, हा समज आमच्या रस्त्यावर सगळ्यांचा आहे. ताठ कमानीला शॉकअपही कडक लागतो. कमान मऊ केली आणि शॉकअप कडकच ठेवला तर काय होते? खड्ड्यात कमान दबते, पण शॉकअप तिला वेळेत उघडू देत नाही. ती अर्धी उघडते न उघडते तोच पुढचा खड्डा येतो. मग पुन्हा दबते. असे करत गाडी खड्ड्यागणिक खाली जाते आणि शेवटी रबरी ठोकरीवर आपटत चालते. मालकाला वाटते पाटे मऊ झाले. तो परत पाटा वाढवायला येतो. एका चुकीच्या शॉकअपमुळे सगळे चक्र पुन्हा सुरू होते.

लांबीचा हिशेबही तेवढाच महत्त्वाचा. उदाहरणादाखल बघा. एक शॉकअप पूर्ण उघडला की चोवीस इंच, पूर्ण दबला की पंधरा. गाडी उभी असताना त्याच्या दोन डोळ्यांमधले अंतर वीस. म्हणजे दबायला पाच इंच, उघडायला चार. ठीक आहे. आता गाडी दोन इंच खाली घेतली. अंतर अठरा झाले. दबायला उरले तीनच. त्यात माल भरला की कमान आणखी दोन-तीन इंच दबणार. मग शॉकअपला जागाच नाही. तो आतून आपटतो, दांडी वाकते, नाही तर चेसिसवरचा ब्रॅकेट उखडतो. म्हणून खाली घेतलेल्या गाडीला आखूड शॉकअप लागतो. उघडल्यावर बावीस, दबल्यावर साडेतेरा, असा मिळाला तर रिकाम्या गाडीत दबायला साडेचार आणि उघडायला चार इंच राहतात. मोजमाप रिकाम्या गाडीत एकदा आणि भरलेल्या गाडीत एकदा घ्यायचे. आणि ठोकर शॉकअपच्या आधी लागली पाहिजे, हे हाताने तपासायचे. शॉकअपचा शेवट हा गाडीचा शेवट होऊ द्यायचा नाही.

आमच्या गाडीचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. ती मूळ उंचीवर आली होती, तिला मूळ मापाचे शॉकअप बसणार होते. तेलाचे घ्यायचे की गॅसचे, एवढेच ठरवायचे होते. खराब रस्त्यावर तासन्‌तास चालले की नुसत्या तेलाच्या शॉकअपमध्ये तेलाला फेस येतो, आणि फेस झडपेतून सहज निसटतो, म्हणून जोर कमी पडतो. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब असतो, तो फेस होऊ देत नाही. आमचा रस्ता पाहता गॅसचे घेतले. दोन्ही बाजूंचे एकदम बदलले. एक नवा आणि एक जुना असेल तर गाडी ब्रेक मारताना एका अंगाला ओढते.

सगळ्यात शेवटी आम्ही ब्रेकच्या वाल्वकडे आलो, आणि इथे आमच्या अंगावर काटा आला. या पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा एक वाल्व असतो. त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की गाडी खाली बसते, दांडी फिरते, वाल्वला कळते की भार आहे, आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. गाडी रिकामी असली की ती वर असते, मग वाल्व मागचा ब्रेक कमी ठेवतो, नाही तर मागची चाके जाम होऊन गाडी घसरेल. आता या गाडीत जादा पाटे होते. अडीच टन भरले तरी ती पुरेशी वाकत नव्हती. वाल्वला वाटत होते गाडी हलकीच आहे. दुप्पट माल आणि मागे अर्धाच ब्रेक, असे ती गाडी किती वर्षे चालली कोण जाणे. याच गाडीत पहाटे बाया बसत होत्या. अब्बांचे म्हणणे त्या दिवशी आम्हाला दांडीच्या रूपात दिसले. गाडी गप्प केली की ब्रेकलाही काही कळत नाही.

वाल्व मापावर लावला. गाडी तयार झाली. खरा वाद त्यानंतर सुरू झाला.

गाडी आता सव्वा टन घेणार होती. अडीच टनाचे काम दोन खेपांत करावे लागणार, डिझेल दुप्पट, दिवस अर्धा जास्त. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच. पुतण्या म्हणाला, "बाजूवाले सब भर रहे, मैं अकेला कायकू मरूं?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ज्या व्यापाऱ्याचा माल तो आणत होता, त्याने दुसऱ्याच आठवड्यात दुसरी गाडी लावली. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वर दर टनाला दोन हजार दंड कायद्यात आला, हे आम्ही त्याला सांगितले. पण दंडाची भीती दाखवून माणूस फार दिवस सरळ चालत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. जड ट्रकांसाठी जुलै २०१८ मध्ये सरकारने भाराची मर्यादाच वाढवली. चार टायरांचा एक ॲक्सल १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेला. मर्यादा वाढली म्हणून जादा भरणे थांबले का, हे कुठल्याही नाक्यावर उभे राहून बघावे.

रात्री जेवताना हा विषय घरात निघाला. भाभी ऐकत होत्या. त्यांनी पोळी वाढता वाढता एवढेच म्हटले, "किस्त भर लेंगे कैसे भी. पोट्टा सलामत रैना." मग त्यांनी स्वतःच्या शिलाईच्या पैशांतून दोन हप्ते काढून दिले. आम्ही भावांनी तिसरा भरला. पुतण्याने मोंढ्यातला भुसार माल सोडून भाजी आणि फळे धरली. टोमॅटोच्या क्रेटांना मऊ चालणारी गाडी लागते, ताठ गाडीत खालचा थर पिचतो. भाव त्याला थोडा जास्त मिळतो. अजून सगळे सुरळीत झाले आहे, असे नाही. कधी महिना भरतो, कधी भरत नाही. वेचणीच्या बायांना तो आता गाडीत घेत नाही. त्या नाराज झाल्या. त्यातली एक म्हातारी आम्हाला दुकानात येऊन म्हणाली, "चाचा, गाडी चांगली झाली तवा आमाला उतरवलं व्हय?" तिला देण्याजोगे उत्तर आमच्याकडे नव्हते. पहाटेची एसटी हे त्याचे उत्तर आहे, आणि ते पाटेवाल्याच्या हातात नाही.

दुकानात आम्ही काय बोलतो, ते एकदा ऐकण्यासारखे असते. कमान फारसीतली, मरम्मत अरबीतली, मिस्त्री पोर्तुगीजांकडून आलेला, घण आणि ऐरण इथलेच, शॉकअप इंग्रजीचा मोडून केलेला. गिऱ्हाईकाशी मराठी, एकमेकांशी दखनी. या सगळ्या शब्दांत मिळून एक विद्या आहे. ती कागदावर फारशी नाही. अब्बांना अक्षरओळख बेताची होती, त्यांची मापे बोटांच्या पेरांत होती. ती त्यांच्यासोबत गेली. म्हणून आता दुकानात एक वही ठेवली आहे. गाडी कुठली, पाटे किती, जाडी किती, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर रिकामे किती आणि भरलेले किती, शॉकअपची उघडी लांबी, दबलेली लांबी, वाल्वची दांडी तपासली की नाही. सगळे मराठीत. वही पुतण्या लिहितो. अक्षर वाईट आहे, पण आकडे बरोबर असतात.

काढलेले दोन जादा पाटे आम्ही भंगारात घातले नाहीत. दुकानाच्या दाराशी ते भिंतीला टेकवून ठेवले आहेत. 'एक पाटा वाढवा' म्हणत कोणी आला की आम्ही त्याला आधी ते दाखवतो आणि मग ब्रेकच्या दांडीचा हिशेब समजावतो. दहातले सात जण ऐकून पलीकडच्या दुकानात जातात. तिघे थांबतात.